लांब तारेवरील ब्रॉडबँड : दोष कोठे शोधावा?

दूरध्वनीवर बोलणे व्यवस्थित होते, परंतु इंटरनेट मात्र दर काही मिनिटांनी तुटते, ही तक्रार तालुक्याच्या गावापासून दूर असलेल्या शाळा, ग्रामपंचायत कार्यालये आणि आरोग्य उपकेंद्रे यांच्याकडून अनेकदा ऐकावयास मिळते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असतो. मुख्याध्यापक विद्यार्थ्यांची माहिती पाठवू लागतात आणि नेमका त्याच वेळी मोडेमवरील दिवा लुकलुकू लागतो. भरलेली माहिती पुन्हा भरावी लागते. दाखल्यासाठी वाडीवरून पायपीट करून आलेल्या ग्रामस्थाला "उद्या या" असे सांगण्याची पाळी येते. अशा वेळी अधिक गतीची व अधिक दराची योजना घेतली म्हणजे प्रश्न सुटेल, असा अनेकांचा समज होतो. हा समज बहुधा चुकीचा ठरतो. ज्या तारेला दोन मेगाबिटचा भार पेलत नाही, तिला दहा मेगाबिटची योजना कशी पेलणार?

प्रकाशतंतूंचे जाळे आता गावोगाव पसरत आहे. तथापि ज्या कार्यालयांची जोडणी अद्याप तांब्याच्या तारेवर आहे, त्यांना रोजचे काम त्याच तारेवर पार पाडावयाचे आहे. अशा लांब आणि खरखर असलेल्या तारेवर ब्रॉडबँड का अडखळते आणि त्यावर आपल्या पातळीवर काय उपाय करता येतात, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

बोलण्याची तार, माहितीचा भार

दूरध्वनीची तार मुळात माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी घातली गेली. बोलणे समजण्यासाठी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच कंपनांचा पट्टा पुरतो. त्यावरील मोठा पट्टा पूर्वी रिकामाच राहत असे. या रिकाम्या पट्ट्यातून माहिती पाठविण्याच्या पद्धतीस एडीएसएल असे म्हणतात. ग्राहकाकडे येणारी माहिती जास्त आणि त्याच्याकडून जाणारी कमी, हे ओळखून दोन्ही दिशांना असमान वाटा देण्याची कल्पना अमेरिकेतील बेलकोअर या संस्थेतील जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडली. हा पट्टा अनेक लहान उपपट्ट्यांत विभागून वापरण्याची पद्धत विकसित करण्यात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन सिऑफी यांचा मोठा वाटा आहे. आपल्या देशात २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची व्याख्या ठरविली आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाने दूरध्वनीच्या तारेवरून ही सेवा सुरू केली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिटपर्यंत वाढविण्यात आली.

मूळ एडीएसएल पद्धतीत १,१०४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा २५६ उपपट्ट्यांत विभागलेला असतो. प्रत्येक उपपट्ट्याची रुंदी ४.३१२५ किलोहर्ट्झ असते. २००३ साली मान्य झालेल्या एडीएसएल-२ प्लस पद्धतीत ही मर्यादा दुप्पट, म्हणजे २,२०८ किलोहर्ट्झपर्यंत नेण्यात आली. शेतकरी पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यात सोडतो, तेव्हा ज्या वाफ्यात पाणी मुरते तेथे जास्त आणि जो वाफा फुटका आहे तेथे कमी सोडतो. मोडेमही असेच करतो. सुरू होताच तो प्रत्येक उपपट्टा तपासतो आणि त्याच्या कुवतीप्रमाणे त्यावर एकापासून पंधरापर्यंत बिटांचा भार टाकतो. जो उपपट्टा अगदीच निकामी असेल, तो रिकामा सोडला जातो. हा भार सेकंदाला ४,००० वेळा पाठविला जातो. उपपट्ट्यांवरील बिटांची बेरीज गुणिले ४,००० म्हणजे स्थूलमानाने आपल्या तारेची गती होय.

अंतराचा हिशेब

तारेतून जाताना संदेश क्षीण होत जातो. हे क्षीणन डेसिबेल या एककात मोजतात. दर ३ डेसिबेलला संदेशाची शक्ती निम्मी होते आणि दर १० डेसिबेलला ती एकदशांश उरते. ०.४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत दर किलोमीटरला सुमारे १३.८ डेसिबेल क्षीणन होते, असा ठोकताळा वापरला जातो. याचा अर्थ, चार किलोमीटरच्या तारेवर सुमारे ५५ डेसिबेल क्षीणन होऊन मूळ शक्तीचा सुमारे तीन लाखांतला एकच भाग आपल्यापर्यंत पोहोचतो. ०.५ मिलिमीटरच्या तारेत हे नुकसान काहीसे कमी असते.

उंच कंपनसंख्येचे उपपट्टे आधी गळतात, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. त्यामुळे लांब तारेवर एडीएसएल-२ प्लसचा वाढीव पट्टा उपयोगी पडत नाही. चांगल्या अवस्थेतील एक किलोमीटरच्या आतील तारेवर २० मेगाबिटच्या आसपास गती मिळू शकते. चार किलोमीटरवर ती दोन ते चार मेगाबिटपर्यंत उतरते आणि पाच किलोमीटरच्या पुढे एका मेगाबिटच्या आसपास येऊन ठेपते. हे अंतर रस्त्याचे नसून तारेचे असते. केबल वळणे घेत जात असल्याने, दूरध्वनी केंद्र दोन किलोमीटरवर दिसत असले तरी तार तीन किलोमीटरची असू शकते.

तारेची लांबी आपणास कमी करता येत नाही. परंतु लांब तार आणि नादुरुस्त तार या दोन भिन्न गोष्टी आहेत. संदेश क्षीण होऊन पोहोचला, तरी भोवती शांतता असेल तर मोडेमला तो ऐकू येतो. कुजबूज समजण्यासाठी खोलीत शांतता असावी लागते, तसेच हे आहे. म्हणून लांब तारेवर खरा शोध घ्यावयाचा तो गोंगाटाचा.

गोंगाट तारेत शिरतो कसा?

दूरध्वनीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली पेटंट केली. बाहेरून येणारा विद्युत परिणाम पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच होतो. मोडेम मात्र त्या दोहोंतील फरक तेवढा वाचतो. त्यामुळे सारखा गोंगाट आपोआप वजा होतो. ही व्यवस्था दोन्ही तारा सर्व बाबतीत समान असतील तोपर्यंतच चालते. एका तारेचा जोड गंजला, एकीत ओल शिरून जमिनीकडे गळती सुरू झाली किंवा वाटेत न पिळलेली तार जोडली गेली, की समतोल बिघडतो आणि वजा होणारा गोंगाट शिल्लक राहतो. चांगली तारही अशा वेळी एरियलसारखी वागू लागते.

हा गोंगाट येतो कोठून? आकाशवाणीच्या मध्यम लहरींचा ५३१ ते १,६०२ किलोहर्ट्झचा पट्टा ब्रॉडबँडच्या पट्ट्याशी बराचसा जुळतो. रात्री मध्यम लहरी दूरवर पोहोचतात. त्यामुळे दिवसा ठीक चालणारी जोडणी संध्याकाळनंतर तुटू शकते. त्याच केबलमधील शेजारच्या जोड्यांवरील ब्रॉडबँडचा आवाजही आपल्या जोडीत झिरपतो. याशिवाय पंपाची मोटार, ट्यूबलाइटचा खराब चोक, इन्व्हर्टर, स्वस्त चार्जर आणि कधीकधी खुद्द मोडेमचा बिघडलेला अडॅप्टर हेही गोंगाट निर्माण करतात.

मोडेमचे दोन आकडे

मोडेम तारेची स्थिती स्वतःच मोजत असतो. मोडेमच्या तळाशी लिहिलेला पत्ता संगणकावरील ब्राउझरमध्ये टाकल्यास स्थितिदर्शक पान उघडते. त्यात दोन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला 'लाइन अटेन्युएशन', म्हणजे क्षीणन. तो मुख्यतः लांबीवर अवलंबून असल्याने जवळपास स्थिर राहतो. तो एकाएकी पाच-दहा डेसिबेलने वाढला, तर लांबी वाढलेली नसून जोड बिघडला आहे, असे समजावे.

दुसरा आकडा 'एसएनआर मार्जिन'. गोंगाट आणखी किती वाढला तरी जोडणी टिकेल, हे तो सांगतो. जोडणी करताना साधारणतः ६ डेसिबेल मार्जिन राखले जाते; म्हणजे गोंगाटाची शक्ती चौपट झाली तरी काम चालावे. मार्जिन ६ च्या खाली घसरत जाऊन दोन-तीनपर्यंत आले, की जोडणी तुटण्याचा संभव वाढतो. दर ३ डेसिबेलला प्रत्येक उपपट्ट्यावर सुमारे एक बिट, असा हिशेब आहे. समजा, आपल्या लांब तारेवर ८० उपपट्टे वापरात आहेत. गोंगाट ३ डेसिबेलने कमी झाला, तर ८० गुणिले ४,००० म्हणजे सेकंदाला ३,२०,००० बिट, अर्थात ३२० किलोबिटची भर पडते. एक-दीड मेगाबिटच्या जोडणीत ही भर लहान नव्हे.

शोधाचा आरंभ आपल्या भिंतीपासून

तक्रार नोंदविण्यापूर्वी दोष आवाराच्या आत आहे की बाहेर, हे ठरवावे. त्यासाठी पुढील क्रमाने जावे.

(१) दूरध्वनी उचलून एक अंक दाबावा. डायल टोन थांबल्यावर काही क्षण शांतता असते. त्या शांततेत खरखर, गुणगुण किंवा दुसऱ्याचे बोलणे ऐकू आले, तर तारेत दोष आहे. हा दोष ब्रॉडबँडचा नसून दूरध्वनीचा म्हणूनच नोंदवावा.

(२) ज्या ठिकाणी तार इमारतीत शिरते, तेथील पहिल्या रोझेटवर मोडेम आखूड तारेने थेट जोडावा. बाकीचे सर्व दूरध्वनी, फॅक्स आणि समांतर जोडण्या सोडवाव्यात. अर्धा तास थांबून दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. नेहमीच्या जागेवरील आकड्यांपेक्षा मार्जिन बरेच चांगले आले, तर दोष आपल्या अंतर्गत तारांत आहे. फरक पडला नाही, तर दोष बाहेर आहे. संपूर्ण शोधातील हीच सर्वांत महत्त्वाची पायरी होय.

(३) मुख्याध्यापकांच्या खोलीपासून कार्यालयापर्यंत कधीकाळी नेलेली आणि आता निरुपयोगी झालेली तार मुळापासून काढून टाकावी. मोकळ्या टोकावरून संदेश परावर्तित होतो आणि काही उपपट्टे बाद करतो. सुमारे १०० मीटर लांबीचा असा मृत फाटा ५०० किलोहर्ट्झच्या आसपासचे उपपट्टे निकामी करू शकतो. लांब तारेवर नेमके हेच उपपट्टे मोलाचे असतात.

(४) प्रत्येक दूरध्वनी स्प्लिटरमधून किंवा फिल्टरमधूनच जोडलेला असावा. दूरध्वनीची घंटा वाजताच इंटरनेट तुटत असेल, तर स्प्लिटर खराब आहे किंवा एखादा जोड कच्चा आहे, असा अंदाज बांधता येतो.

(५) मोडेम पहिल्या रोझेटजवळच ठेवावा आणि संगणकापर्यंतचे अंतर नेटवर्कच्या केबलने पार करावे. मोडेमपुढील ही केबल काही मीटर वाढली तरी बिघडत नाही. दूरध्वनीची तार मात्र खोल्याखोल्यांतून, विजेच्या तारांना खेटून नेऊ नये.

(६) गोंगाटाचे उगमस्थान शोधण्यास साधा ट्रान्झिस्टर उपयोगी पडतो. मध्यम लहरींवर केंद्र नसलेल्या जागी, ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, काटा ठेवून तो खोलीत फिरवावा. ज्या उपकरणाजवळ घरघर वाढते, ते बंद करून मार्जिन पुन्हा पाहावे.

एक सूचना येथे आवर्जून करावीशी वाटते. संगणक वाय-फायने जोडला असेल, तर गती कमी होण्याचे कारण तार नसून जाड भिंती असू शकतात. म्हणून तपासणी नेहमी केबलने जोडलेल्या संगणकावरच करावी. तसेच मेघगर्जना होत असताना कोणत्याही तारेला हात लावू नये. मोडेमची तार व अडॅप्टर वादळ येण्यापूर्वीच काढून ठेवावेत.

आवाराबाहेरचे दोष

खांबावरील डीपी, पिलर, केबलचे जोड आणि केंद्रातील यंत्रणा यांचे काम लाइनमनचे आहे. ग्राहकाने तेथे हात घालू नये. परंतु आपली तक्रार नेमकी असेल, तर त्यांचे काम सोपे होते. "नेट चालत नाही" यापेक्षा "पहिल्या रोझेटवर क्षीणन ५५, मार्जिन पावसानंतर ७ वरून २ वर, बोलण्यातही खरखर" ही तक्रार अधिक उपयोगी आहे. पावसाशी संबंध दिसला, तर ओल शिरलेला जोड संशयित ठरतो. दोन्ही तारांचा मिळून विद्युतरोध ०.५ मिलिमीटरच्या तारेत दर किलोमीटरला सुमारे १७० ओहम आणि ०.४ मिलिमीटरच्या तारेत सुमारे २७० ओहम असतो. मोजलेला रोध लांबीच्या मानाने फार जास्त असल्यास गंजलेल्या जोडाचा शोध घेता येतो. केबलमधील दुसरी चांगली जोडी मिळणे, खांबापासूनची जुनी ड्रॉप वायर बदलणे, कच्चे जोड नव्याने करणे, एवढ्याने अनेक तारा पूर्ववत होतात.

पंचायतीकडूनही या बाबतीत मोलाचे सहकार्य होऊ शकते. नळाची वाहिनी टाकताना किंवा गटार खोदताना केबल तुटते आणि घाईने केलेला तिचा जोड पुढे कित्येक पावसाळे त्रास देतो. खोदकामापूर्वी भूमिगत केबलच्या मालकांना सूचना देता यावी, यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदकामाच्या कार्यादेशातच अशा पूर्वसूचनेची अट घालणे ग्रामपंचायतीस सहज शक्य आहे.

गतीपेक्षा स्थैर्य महत्त्वाचे

दोष दूर केल्यावरही लांब तारेवर गती आणि स्थैर्य यांत निवड करावी लागते. सेवा देणाऱ्या केंद्रातून काही बदल करता येतात. मार्जिनचे उद्दिष्ट ६ ऐवजी ९ डेसिबेल ठेवले, तर वरील उदाहरणात ३२० किलोबिट गमवावे लागतील, पण संध्याकाळचा गोंगाट जोडणीस सोसवेल. 'इंटरलीव्हिंग' ही दुसरी सोय आहे. सर्व महत्त्वाची कागदपत्रे एकाच पेटीत न ठेवता निरनिराळ्या पेट्यांत वाटून ठेवावीत, त्याप्रमाणे माहितीचे तुकडे विखरून पाठविले जातात. मोटार सुरू होताना बसणाऱ्या क्षणिक धक्क्याने थोडे थोडेच तुकडे बिघडतात आणि मोडेम ते दुरुस्त करून घेतो. यात काही सहस्रांश सेकंदांचा विलंब वाढतो. अर्ज भरणे, पत्रव्यवहार किंवा दाखले पाठविणे यांत तो जाणवतही नाही.

मोडेमच्या मांडणीत एडीएसएल-२ प्लसऐवजी एडीएसएल-२ किंवा मूळ एडीएसएल निवडल्यास काही लांब तारांवर जोडणी अधिक स्थिर राहते. मोडेम पुन्हा सुरू करावयाचाच असेल, तर तो गोंगाट अधिक असताना, म्हणजे रात्री, एकदाच करावा. त्या परिस्थितीत पेलेल अशीच गती तो ठरवितो आणि मग दिवसा तुटण्याचे कारण उरत नाही. दुपारच्या शांततेत जोडलेली जास्त गती संध्याकाळी टिकत नाही, हा अनेक तक्रारींचा उलगडा आहे. वारंवार बंद-चालू करणे मात्र टाळावे. काही ठिकाणची केंद्रीय यंत्रणा त्यास तारेचा दोष समजून गती आणखी कमी करते.

तांब्याची मर्यादा

या सर्व उपायांनीही तांब्याची मर्यादा ओलांडता येत नाही. पाच-सहा किलोमीटरच्या तारेवर एकाच वेळी सबंध वर्गाला चित्रफीत दाखविता येईल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. प्रकाशतंतूत दर किलोमीटरला होणारे नुकसान सुमारे ०.३५ डेसिबेल एवढेच असते. वीस किलोमीटरच्या प्रकाशतंतूत जेवढे क्षीणन होते, तेवढे ०.४ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत साधारणतः अर्ध्या किलोमीटरमध्येच होते. शिवाय प्रकाशाला मोटारीचा, चोकचा किंवा रेडिओलहरींचा उपसर्ग पोहोचत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली आणि तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली. जेथे हा तंतू पंचायतीच्या दारापर्यंत आला असेल, तेथे तांब्याच्या दुरुस्तीवर खर्च करीत राहण्यापेक्षा शाळा व उपकेंद्रापर्यंत तो पुढे नेण्याचा ठराव करणे अधिक श्रेयस्कर होय.

हा निर्णय घेतानाही अंदाजापेक्षा नोंदी उपयोगी पडतात. प्रत्येक कार्यालयाने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, क्षीणन, मार्जिन, मिळालेली गती आणि दिवसभरात जोडणी किती वेळा तुटली, एवढ्या बाबी सकाळी व संध्याकाळी लिहाव्यात. पंधरा दिवसांच्या नोंदी पाहिल्या, की दोष भिंतीच्या आत आहे, खांबावर आहे की केवळ अंतराचा आहे, हे बहुतांशी स्पष्ट होते. पहिला दोष आपण स्वतः दूर करू शकतो. दुसऱ्यासाठी लाइनमनला नेमकी माहिती देता येते. तिसऱ्यासाठी ग्रामसभेत आणि पंचायत समितीत आकड्यांसह मागणी मांडता येते. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस उजाडण्यापूर्वी, शक्यतो पावसाळ्याच्या आधीच, ही वही सुरू झालेली असावी.